झमकामावशींनी वाचलेली अक्षरं

“उभी काठी आहे. तिच्या पोटाशी गोल,” झमकामावशी म्हणाल्या.

“गोल कुठल्या बाजूला? जेवायच्या हाताच्या की दुसऱ्या?”

“जेवायच्या.”

“म्हणजे बी. पुढं?”

“पुढं नाल. उताणा पडलेला.”

“यू. पुढं?”

“नुसती काठी, डोक्यावर टिंब.”

“आय. मग एल आणि डी असणार. गोल आता दुसऱ्या बाजूला, बरोबर?”

“बरोबर! तुला न बघता कसं कळतंय रे?”

मला कळत होतं, कारण तो शब्द मीच टाइप केला होता. पडद्यावर तसाच उमटला की नाही, एवढंच मला त्यांच्याकडून हवं होतं. माझी बोटं कीबोर्डवर चालत होती आणि त्यांचे डोळे पडद्यावर. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. इंग्रजीतली मोठी अक्षरं त्यांनी आपल्या मुलीच्या पाटीवरून शिकून घेतली होती, पण पडद्यावर येणारी बारकी अक्षरं त्यांना अनोळखी होती. म्हणून त्या आकार सांगायच्या आणि मी अक्षर ओळखायचो.

ही दोन हजार दहा सालच्या मार्चमधली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नऊ वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला आणि त्यात डोळे गेले; अक्षरांचे आकार तेवढे डोक्यात राहिले. झमकाबाई आडे आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या शिपाई. नवरा वारल्यावर त्याच्या जागेवर लागलेल्या. सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत.

पहिल्या वर्षी सी भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा मी लेखनिक घेऊन दिली होती. कॉलेजात सी शिकवायचं जे जुनं सॉफ्टवेअर होतं, त्याची निळी खिडकी पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला वाचता येत नसे. मी तोंडानं सांगायचं आणि बारावीच्या एका मुलानं टाइप करायचं. त्यानं स्वल्पविराम आणि अर्धविराम यांची गल्लत केली, प्रोग्रॅम चालला नाही. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “यातलं तुझं कुठलं आणि याचं कुठलं, मी कसं ठरवू?” त्यांनी मला काठावर पास केलं. दया म्हणून केलं, हे त्यांच्या आवाजातच होतं.

यंदा मी विभागप्रमुख मुखेडकर सरांच्या मागे लागलो. लॅबच्या कोपऱ्यात एक मशीन होतं, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली टाकलेली. आदल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या एका तरुण प्राध्यापकांनी ती हौसेनं टाकली होती. नंतर त्या मशीनला कुणी हात लावत नव्हतं. त्यावर पडदा वाचून बोलणारा प्रोग्रॅम आणि लिहिलेला सी प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल असा करून देणारा जीसीसी कंपायलर बसवला, तर मी स्वतः टाइप करून, स्वतः ऐकून, स्वतः चुका काढून परीक्षा देऊ शकणार होतो. पुण्यातल्या एका मित्रानं लागणारी सगळी पॅकेजेस एका डीव्हीडीवर भरून पाठवली होती, कारण आमच्या लॅबमध्ये इंटरनेट नावालाच होतं. कुठल्या आज्ञा द्यायच्या, ते त्यानं ब्रेलमध्ये टोचून दिलं होतं.

मुखेडकर सर म्हणाले, “शुक्रवारी दुपारी लॅब रिकामी असते. तुझं तू काय ते बसव. सोमवारी चाललं तर चाललं, नाही तर लेखनिक. आणि गजेंद्र, माझ्या एकाही माणसाला वेळ नाही, ते सांगून ठेवतो.”

त्यांच्या हिशेबात झमकामावशी माणसांत धरलेल्या नव्हत्या. त्यामुळं त्यांना वेळ होता.

दोन वाजल्यापासून आम्ही बसलो होतो. मी डीव्हीडीवरच्या सगळ्या पॅकेजेसना एकदम बसवायची आज्ञा दिली. मशीन गुरगुरायला लागलं.

“लई पळतंय,” मावशी म्हणाल्या. “ओळीच्या ओळी. मला न्हाई वाचता येत एवढं.”

“पळू द्या. थांबलं की शेवटची ओळ सांगा.”

थांबलं. त्यांनी एकेक आकार सांगितला. एन, ओ. मग जागा सोडून एस, पी, ए, सी, ई. मी त्यांना तिथंच थांबवलं. डिस्कवर जागा शिल्लक नव्हती.

मी पालथी मूठ टेबलावर आपटली. मग कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय, ते विचारणारी आज्ञा टाइप केली आणि मावशींना आकडे वाचायला सांगितले. आकडे त्यांना चांगले येत. एकेक करत त्या खाली आल्या. सगळं किरकोळ होतं. शेवटून दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या.

“नऊ, टिंब, चार. मग मोठा जी.”

नऊ जीबी. वीस जीबीच्या त्या डिस्कवर निम्मी जागा एकट्यानं अडवलेली.

“नाव काय त्याचं?”

“काठी, वर बारका आकडा वळलेला. मग... पोटात रेघ असलेला गोल. मग तोंड उघडं असलेला गोल.”

“आर, ई, सी,” मी म्हणालो. “रेक.”

मला वाटलं, रीसायकल. त्या प्राध्यापकांनी टाकून दिलेल्या फायलींचा ढीग असेल. पण मला खरंच तसं वाटलं का? इतक्या वर्षांत मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आत काय आहे ते पाहायला अजून एक ओळ टाइप करावी लागली असती, आणि मावशींना अजून पंधरा मिनिटं आकार सांगत बसावं लागलं असतं. चार वाजत आले होते. पाचला लॅब बंद व्हायची.

“पुसतो हे,” मी म्हणालो.

“पुसतो म्हंजे? जाईल का समदं?”

“जाईल.”

“आन् कुणाचं असंल तर?”

“कुणाचं नाही मावशी. हे मशीन कुणी वापरतच नाही. कचरा आहे.”

 मी टाइप केलं. त्यांनी नेहमीसारखे आकार सांगून ते बरोबर असल्याचं कळवलं. मी एंटर दाबलं.

“काय आलं?”

“कायबी न्हाई आलं. नुसती रेघ लुकलुकतीय.”

या प्रणालीचं असंच असतं. काम झालं की ती गप्प बसते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पॅकेजेस बसली. कंपायलर बसला. मी हेडफोन न लावता मावशींच्या टेबलावरचे जुने स्पीकर जोडले, बोलणारा प्रोग्रॅम सुरू केला, आणि एक नाकातला, घाईचा, परदेशी आवाज लॅबभर घुमला. मावशींची खुर्ची करकन मागं सरकली.

“ह्यो तर बोलतोय की!”

त्या दुपारी पहिल्यांदा मी एकट्यानं, कुणाच्याही डोळ्यांशिवाय, पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एक चूक झाली. मशीननंच सांगितलं, चौथ्या ओळीत अर्धविराम राहिलाय. मी दिला. पुन्हा कंपाइल केलं, चालवलं. त्या प्रोग्रॅमचं काम एवढंच होतं, मावशींचं नाव छापायचं. आवाज म्हणाला, “जॅमकॅ बाय आडी.”

मावशी हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुन्हा जवळ ओढून म्हणाल्या, “ही बारकी अक्षरं मला शिकवशील का रं? परीक्षा झाल्यावर?”

“शिकवीन की.”

सोमवारची परीक्षा मी दिली. परीक्षक माझ्या मागं उभे राहून बघत होते. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला नाही, दुसऱ्यात चालला. ते म्हणाले, “हे सगळं तुझं तू केलंस.” तो प्रश्न नव्हता. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

बुधवारी सकाळी मुखेडकर सरांनी बोलावणं पाठवलं. केबिनमध्ये गेलो तेव्हा आत अजून दोन माणसं आहेत हे कळलं. एक झमकामावशी, त्यांच्या हातातल्या बांगड्यांवरून. दुसरे मराठी विभागाचे उटगे सर. त्यांचा आवाज मला वर्गातून माहीत होता, भरदार, ठेहराव असलेला. तो त्या दिवशी ओळखू येत नव्हता.

“रेक नावाचं फोल्डर होतं,” ते म्हणाले. “रेकॉर्डिंग. माझ्या मशीनवर सारखे व्हायरस यायचे, म्हणून उबुंटू टाकणाऱ्या त्या पोरानं नोकरी सोडताना सगळं इथं हलवून दिलं होतं, म्हणाला, सर, इथं व्हायरस येत नाही. सहा वर्षं मी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जात होतो, मुखेडकर. एकोणीस म्हातारी माणसं. लग्नाच्या वेळी नवरी रडत जे गाते ना, ढावलो, ते पूर्ण येणाऱ्या बायका आता राहिल्या नाहीत. रेकॉर्डर लहान होता माझा. कॉम्प्युटरवर उतरवायचं, रेकॉर्डरमधलं पुसायचं आणि पुढच्या तांड्यावर जायचं.”

“दुसरीकडं कुठं प्रत?”

“नाही. चूक माझी आहे. प्रत नाही.”

मुखेडकर सरांनी नांदेडहून एक माणूस बोलावून डिस्क तपासली होती. पुसलेल्या जागेवर नवीन सॉफ्टवेअर बसल्यामुळं काहीच हाताला लागत नव्हतं. ते माझ्याकडं वळले, ते त्यांच्या खुर्चीच्या आवाजावरून कळलं.

“गजेंद्र, शुक्रवारी तू त्या मशीनवर होतास. काही पुसलंस?”

 परीक्षेच्या मशीनमध्ये छेडछाड, असं त्यांनी लिहिलं असतं तर सोमवारचे गुण गेले असते. वर्ष गेलं असतं. पुन्हा तो लेखनिक, पुन्हा ती दया. हो म्हणायचं, असं मी ठरवलं होतं, असं मला आज वाटतं. पण ठरवलं असतं तर इतका वेळ गेला नसता.

“म्या पुसलं, सर,” झमकामावशी म्हणाल्या.

मुखेडकर सरांची खुर्ची त्यांच्याकडं वळली.

“तुम्ही?”

“शुक्रवारी सकाळी झाडलोट करताना. ह्याच्यासाठी मशीन चालू करून ठिवलं व्हतं. फडक्यानं बटनं पुसत व्हते, कायतरी दाबलं गेलं. पडद्यावर कायतरी आलं, म्हणून म्या अजून एक दाबलं.”

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला चालू मशीनवर फडकं मारायला?” मुखेडकर सरांचा आवाज चढला. मग माझ्याकडं. “असं झालं असेल का रे?”

“असेल, सर,” मी म्हणालो.

एवढंच. दोन शब्द.

झमकामावशींना लॅबमधून काढलं. लेखी समज दिली आणि मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघराच्या कामाला पाठवलं. हे सगळं दहा मिनिटांत झालं. आम्ही तिघं बाहेर पडलो. मी काठी चाचपत भिंतीला धरून उभा राहिलो. दोन पावलांवर उटगे सर थांबले होते.

“झमकाबाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या आईचं पण त्यातच होतं हो.”

“ठावं हाय, सर.”

“तुम्हीच मला पहिल्यांदा तांड्यावर नेलं होतं.”

“व्हय.”

“आणि तुमच्याच हातून...” असं म्हणून सर वळले. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली.

मी तिथंच होतो. मावशींची आई गेल्या दिवाळीत वारली, हे मला माहीत होतं. त्यांनी चार दिवस रजा घेतली होती, तेव्हा लॅबची किल्ली माझ्याजवळ दिली होती. त्या बाईंचा आवाज त्या मशीनमध्ये होता, हे मला माहीत नव्हतं. मावशींनाही नव्हतं. सरांनी तो कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये घातलाय एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुठल्या, ते केबिनमध्ये कळलं. आणि ते कळल्यानंतर त्या म्हणाल्या होत्या, म्या पुसलं.

“मावशी,” मी म्हणालो, “मी आत जाऊन खरं सांगतो.”

“कशापायी?”

“तुमची काही चूक नाही.”

“सांगून माझी आई बोलंल का परत?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “तुझं वरीस जाईल नुसतं. मला काय, टेबलं पुसली काय आन् भांडी घासली काय, सारखंच.”

“तुम्ही मला विचारलं होतं. कुणाचं असलं तर, म्हणून.”

“इचारलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तू ऐकलं न्हाईस.”

आणि त्या गेल्या.

जूनमध्ये निकाल लागला. प्रात्यक्षिकात मी वर्गात दुसरा आलो. घरी आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. त्यातला एक माझ्या तोंडात घातला, तो मला गिळवेना. आईला वाटलं, आनंदानं.

कॉलेज उघडलं त्याच दिवशी मी उटगे सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आज्ञा मी दिली, बोटं माझी होती, मावशींनी अडवलं होतं. 

“झमकाबाईंना एंटरचं बटण कुठलं, ते तरी माहीत आहे का, असं मी तेव्हाच मुखेडकरांना विचारणार होतो,” ते म्हणाले. “विचारलं नाही. मला कुणीतरी दोषी हवं होतं, ते मिळालं होतं. बस.”

मी बसलो.

“मुखेडकरांना सांगितलंस?”

“आता जातो.”

“जा. काही होणार नाही, पण जा.”

तसंच झालं. मुखेडकर सर ऐकून म्हणाले, निकाल लागलाय, फाइल बंद झालीय, आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? मावशींना लॅबमध्ये परत आणा, असं मी म्हणालो. तिथं नवीन माणूस लागलाय, म्हणाले. मी प्राचार्यांना अर्ज लिहिला. त्याचं उत्तर आलं नाही. पुढं दोन वर्षांनी मुखेडकर सर निवृत्त झाले, तेव्हा कुठं मावशी परत आल्या. तोवर मी पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. बारकी अक्षरं त्यांना कुणी शिकवली नाहीत.

पण मधल्या काळात एक झालं. मुखेडकर सरांकडून परत आलो तेव्हा उटगे सर म्हणाले, “तुझे कान चांगले आहेत. रविवारी माझ्याबरोबर यायचं.” त्यांनी नवा रेकॉर्डर आणला होता. एकोणिसांपैकी अकरा माणसं हयात होती. आम्ही एकेका तांड्यावर जायचो. रेकॉर्डर मी धरायचो, आणि घरी आल्यावर त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायचो. काही जणांनी पुन्हा सांगितलं. काही जणांना आधीचं आठवत नव्हतं. एका म्हातारीनं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. एकदा दिलं ते सांभाळता आलं नाही, आता कशाला आलात, असं ती तिच्या बोलीत म्हणाली. सरांनी मला अर्थ सांगितला. तो न सांगताही कळला होता.

दिवाळीच्या सुट्टीत सर म्हणाले, “एक ठिकाण राहिलंय.” झमकामावशी माहेरी, तांड्यावर आलेल्या होत्या. आईचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. आम्ही घरात गेलो; सकाळचं ऊन दारातून अंगावर येत होतं. त्यांनी आमच्यासाठी बाज टाकली, चहा केला. त्या माझ्याशी नेहमीसारखं बोलल्या. अभ्यास काय म्हणतोय, आई कशी आहे. मी काय बोललो ते आठवत नाही.

सर म्हणाले, “झमकाबाई, आईचं जे काही तुम्हाला येत असेल, ते म्हणाल का?”

“मला कुठं येतंय, सर. ती म्हणायची, आमी नुसतं रडायचं.”

“जेवढं येतंय तेवढं.”

त्या उठल्या. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, मग त्या माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या. मी रेकॉर्डर पुढं केला. त्यांनी माझं मनगट धरून तो आपल्या तोंडाजवळ आणला.

मग त्या गायला लागल्या. त्यांचा बोलण्याचा आवाज मला दोन वर्षं माहीत होता. हा वेगळाच होता, खोल, छातीतून येणारा. एक ओळ लांबत जायची, शेवटी हुंदक्यासारखी मोडायची, आणि त्या मोडीतूनच पुढची ओळ निघायची. मला शब्द कळत नव्हते. पहिल्या ओळी झाल्या. दुसऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी सूर धरला, तोच सूर पुन्हा धरला, आणि त्या थांबल्या.

आम्ही वाट पाहिली. बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकलत नेत होतं. मावशींनी पुन्हा एकदा सूर लावून पाहिला. पुढं शब्द आला नाही.

माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते सोडलं नाही. रेकॉर्डरकडं तोंड ठेवूनच, मला नाही, सरांना नाही, त्या म्हणाल्या,

“पुढचं आईला येत व्हतं.”